गल्ल्यातला पैसा आपला नसतो: सीमाभागातल्या छोट्या धंदेवाल्यांनो, या चुका टाळा

बेळगावच्या शहापुरात एका माडीवर बसून मी लोकांच्या धंद्याचे हिशेब लिहितो. गणपत गल्लीतले कापडवाले येतात, वडगावचे यंत्रमागवाले येतात, उद्यमबागेत दोन लेथ टाकून बसलेली पोरं येतात, खासबागच्या रविवारच्या बाजारात भांडी मांडणाऱ्या आक्का येतात. कुणालाही विचारा, "धंदा कसा काय?" उत्तर ठरलेलं: "चाललाय की वो, गिऱ्हाईक आहे." आणि तीच माणसं महिन्याच्या वीस तारखेला लाईट बिलासाठी मेहुण्यापुढे हात पसरतात. गिऱ्हाईक नाही म्हणून बसलेला धंदा मी क्वचित पाहिलाय. बहुतेक धंदे दुकानात गर्दी असतानाच बसतात, कारण गल्ल्यात दिसेल तेवढा पैसा मालक आपला समजतो.

घर आणि दुकान एकाच गल्ल्यावर

किराणा दुकानात दिवसाला १२,०००ची विक्री झाली, तर त्यातले साडेदहा हजार मालाचेच, म्हणजे होलसेलवाल्याचे. भाडं, लाईट, पोऱ्याचा पगार गेला की मालकाच्या हातात पाच-सहाशे उरतात. पण रात्री शटर ओढताना हातात नोटांचा गठ्ठा बारा हजारांचा असतो. त्यातूनच पोरीची फी जाते, गावच्या जत्रेची वर्गणी जाते, पाहुण्यांचं मटण येतं. सहा महिन्यांनी फळ्या रिकाम्या दिसायला लागतात आणि मालक म्हणतो, मॉल आल्यापासून धंदा पडला.

उपाय साधा आहे, पण पहिले दोन महिने जड जातो. स्वतःला पगार ठरवा, आठवड्याच्या आठवड्याला घ्या, मधे गल्ल्याला हात नाही. बायको-पोरं दुकानात राबत असतील तर त्यांचीही मजुरी धरा. आणि जीएसटीचे पैसे रोजच्या रोज वेगळे काढा. त्यासाठी पिग्मीसारखं दुसरं साधन नाही. १९२५ साली उडुपीला अडचणीतल्या विणकरांना हात द्यायला एक बँक निघाली, पुढं तिचंच नाव सिंडिकेट बँक झालं. तिनं १९२८ मध्ये ही रोजच्या चिल्लर ठेवीची पद्धत आणली. आपल्याकडे पिग्मीवाला दारात येतोच. फक्त लोक ती पिग्मी पोरीच्या लग्नासाठी भरतात. एक पिग्मी कराच्या नावानं भरा.

डिस्काउंटचंही तसंच. शंभराची वस्तू सव्वाशेला विकली की पंचवीस सुटतात. "दहा टक्के कमी करा की" म्हटल्यावर मालक हसत हसत साडेबारा रुपये सोडतो. किमतीवर दहा टक्के सोडले, नफ्यातला निम्मा गेला.

दर शेजाऱ्याला विचारून ठरवणं

ही चूक उद्यमबागेत सर्वात महाग पडते, म्हणून जरा थांबून सांगतो.

एका तरुण लेथवाल्याकडे एका कंपनीचं बुश टर्निंगचं, म्हणजे धातूचे नळीसारखे भाग लेथवर तासून मापात आणायचं काम होतं. नगाला १८ रुपये. दर कसा ठरवला? शेजारच्या शेडवाला १९ घेत होता म्हणून. त्याचं गणित असं: एका नगाला चार मिनिटं, आठ तासांत १२० नग, २,१६० रुपये. मी म्हटलं, एक दिवस वही घेऊन मशिनपाशी बसू या. बसलो. सकाळी सेटिंगला पाऊण तास गेला. साडेअकराला करंट गेला. दोनदा टूल बदललं. ऑपरेटर चहाला गेला तो मालकाला दिसलाच नाही, कारण मालक स्वतः माल आणायला गेला होता. चार नग साईजबाहेर गेले. संध्याकाळी पास झालेले नग मोजले तर ८५. त्याचे झाले १,५३०.

आता खर्च. ऑपरेटर ७००, मशिनचा हप्ता दिवसाला ४००, लाईट २५०, शेडभाडं २००, इन्सर्ट आणि कूलंट १५०. बेरीज १,७००. म्हणजे दिवसाला १७० रुपये पदरचे घालून तो कंपनीचं काम करत होता, आणि स्वतःची मजुरी यात धरलेलीच नाही. जास्त ऑर्डर मिळाली म्हणून त्यानं त्याच महिन्यात पेढे वाटले होते!

जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीचं काम, करत असाल तर वर्षातून दोनदा तरी असं मोजा. कागदावरचे नग सोडा, पास झालेले नग मोजा. लाईट नसेल तेव्हाही भाडं आणि हप्ता चालूच असतो, हे दरात आलं पाहिजे. त्यानं दर २३ सांगितला. कंपनीनं निम्मं काम दुसरीकडे दिलं. उरलेल्या निम्म्यावर आणि रिकाम्या वेळेत धरलेल्या रिपेरीच्या कामावर त्याचं आता भागतंय. आधी भागत नव्हतं.

उधारी: "देतील की, कुठं जातात?"

कुठंच जात नाहीत. फक्त देत नाहीत. दुकानदारानं प्रत्येक घराला आकडा बांधून द्यावा, तेवढी झाली की आधी जुनी फेडायची. वहीत तारीख आणि सही हवीच. नुसतं "पाटील मावशी ३४०" लिहून ठेवलेलं वर्षभरानं कोण मान्य करणार?

कारखानदाराच्या हातात मात्र कायदा आहे आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. तक्रार सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्यात १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल झालाय: मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंतही चुकतं केलं नाही तर माल घेणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षात दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चमध्ये कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांना तुमची आठवण आपोआप येते. पण यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद, हवी आणि तिचा नंबर बिलावर छापलेला हवा. नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. दीड-दोन हजार मागणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा. व्यापाऱ्यांना या मुदतीचा फायदा मिळत नाही, तो माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

हद्द दिसत नाही, पण बिलात असते

आपल्याला महाराष्ट्रातलं चंदगड काय आणि कर्नाटकातलं खानापूर काय, दोन्ही सारखीच. सोयरीक तिकडे, गिऱ्हाईक तिकडे. जीएसटीला तसं नाही. राज्यात करपात्र माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण तोच माल तुम्ही गडहिंग्लज, कोल्हापूर किंवा गोव्याला पाठवून विकला, तर हस्तकलेसारखे थोडे अपवाद सोडून पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायच्या सोप्या योजनेत, असाल तर दुसऱ्या राज्यात माल पाठवताच येत नाही. मजुरीचं काम ही सेवा, तिथं २० लाखांपर्यंत सूट आहे.

आणि एक बारीक गोष्ट, जिनं टेम्पो अडवलेले मी पाहिलेत. दुसऱ्या राज्यात माल जाताना ५०,०००च्या वर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद, लागतं, हे खरं. पण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कसाठी माल जात असेल तर किंमत कितीही असो, ई-वे बिल लागतंच. वेंगुर्ला रस्त्यानं महाराष्ट्रातल्या शिनोळीला जाणारं आठ हजारांचं कास्टिंगचं पोतंसुद्धा त्यात आलं.

हद्दीचा दुसरा फटका कागदाबाहेरचा. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५, दोन्ही वेळा दोन राज्यांतल्या बसगाड्या बंद पडल्या. ज्यांचं गिऱ्हाईक सगळं एसटीनं उतरणारं होतं, त्यांनी ते दिवस माश्या मारत काढले. यावर आपण काही करू शकत नाही. मात्र एका वाटेवरच्या गिऱ्हाइकावर आख्खं दुकान उभं करू नये, आणि निदान महिन्याभराचं भाडं-पगार बाजूला असावं.

क्यूआर काढून टाकणं

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या व्यापारी कर खात्यानं यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या आणि बऱ्याच ठिकाणी "फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. घाबरण्यासारखं होतं, कबूल. पण क्यूआर काढून मागच्या जमा पुसल्या जात नाहीत. खरी गोची वेगळीच असते: दुकानाच्या क्यूआरवर भिशीचे पैसे येतात, भावानं पाठवलेले येतात, दूध-भाजीसारख्या करमुक्त मालाचेही येतात, आणि खात्याला ती सगळी विक्रीच दिसते. घरच्यासाठी वेगळं खातं ठेवा. करमुक्त आणि करपात्र विक्री वहीत रोज वेगळी लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

कर्जाबद्दल एवढंच: क्रेडिट सोसायटीत "बारा टक्के फ्लॅट", म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज, ऐकून सही करू नका. एक लाखावर दोन वर्षांचे २४,००० व्याज, महिना ५,१६७चा हप्ता, हे घटत्या बाकीवर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतं.

न फोडलेली पाकिटं

बोलायला आपल्याला कानडी येतं, वाचायला अनेकांना येत नाही. म्हणून महापालिकेचं, लेबर खात्याचं, वीज कंपनीचं पाकीट आलं की ते गणपतीच्या फोटोमागे किंवा ड्रॉवरमध्ये जातं. ट्रेड लायसन्सची मुदत संपते, पाटीवर साठ टक्के कानडी हवं हा २०२४चा नियम दंडाची पावती आल्यावर कळतो. पाकीट आलं त्याच दिवशी वाचून घ्या, कुणाकडूनही.

मागच्या दिवाळीत एका भांडीवाल्या अण्णांचा ड्रॉवर आम्ही रिकामा केला. त्यांचा सातवीतला नातू कानडी खडाखडा वाचत होता. पहिलं पाकीट लायसन्सच्या नूतनीकरणाचं, दोन वर्षांपूर्वीचं. दुसरं वीज कंपनीचं, वाढीव डिपॉझिट भरा म्हणून. तिसरं फोडायला अण्णा तयारच नव्हते, फार जाड होतं ते. निघाली हुक्केरीच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या मुलाची लग्नपत्रिका. लग्न वैशाखातच उरकलं होतं.