इलेक्ट्रिक टेम्पो घेताना या चुका टाळा: किलोमीटर नंतर मोजा, आधी जागा बघा

शोरूममध्ये शिरल्या शिरल्या सगळे एकच विचारतात, "एका चार्जिंगमध्ये किती चालते?" मुंबईतल्या छोट्या टेम्पोला हा प्रश्न तितकासा नडत नाही. मस्जिद बंदरहून वाशी मार्केट, तिथून दादर, संध्याकाळी घाटकोपर. साठ-सत्तर किलोमीटरमध्ये दिवस संपतो, आणि त्यातला बराचसा सिग्नलला आणि माल उतरवण्यात जातो. त्याआधी विचारायला हवं ते वेगळंच: रात्री गाडी उभी कुठे राहते, आणि तिथे स्वतःच्या मीटरवरचा प्लग आहे का?

दुसऱ्याचा हिशोब आपला समजणे

पवई, अंधेरीकडे हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेले इलेक्ट्रिक टेम्पो हल्ली सर्रास दिसतात. ते बघून "सगळेच घेतायत, आपणही घेऊ" असं वाटणं साहजिक आहे. पण घेतंय कोण, ते बघा. टाटाने मे २०२२ मध्ये एस ईव्ही ही छोट्या इलेक्ट्रिक टेम्पोची गाडी बाजारात आणली, तेव्हाच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, बिगबास्केट आणि काही वाहतूक कंपन्यांशी मिळून ३९,००० गाड्यांचे सामंजस्य करार जाहीर केले होते. अशा कंपन्यांचा रूट ठरलेला, खोकी हलकी, आणि गाड्या रात्री गोडाऊनमध्ये ओळीने चार्जिंगला लागतात. नाक्यावर भाड्याची वाट बघणाऱ्याचं तसं नाही. आज कुर्ल्याला फ्रीज, उद्या कुणाचं घरसामान थेट पालघरला. ज्याचं भाडं बांधलेलं आहे (औषधांचा डिस्ट्रिब्युटर, बेकरी, पाण्याचे जार, लाँड्री) त्याला ही गाडी चपखल बसते. नाक्यावरच्याला अजून तरी सीएनजीच सोयीची, असं माझं मत आहे.

यूट्यूबवरचे अमेरिकन इलेक्ट्रिक पिकअप डोक्यातून काढून टाका. तिथली मोठी तक्रार अशी की ट्रेलर ओढायला लावला की रेंज निम्म्यावर येते. शिवाय अनेक मालकांच्या पिकअपमध्ये वर्षभर माल चढतच नाही, हाही तिथला जुना वाद. आपल्याकडे उलटं आहे, हौदा रिकामा म्हणजे दिवस फुकट.

फास्ट चार्जरच्या भरवशावर गाडी घेणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून आकडे नीट बघा. एस ईव्हीच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी २१.३ युनिटची आणि छापील रेंज १५४ किलोमीटर. माल भरून, ट्रॅफिकमध्ये, शंभराच्या आसपास धरा. म्हणजे युनिटला साधारण पाच किलोमीटर. गाळ्यातल्या मीटरवर युनिट दहा-बारा रुपयांना पडत असेल, तर किलोमीटरचा खर्च दोन-अडीच रुपये. तीच गाडी रोज सार्वजनिक फास्ट चार्जरवर लावलीत आणि जीएसटी धरून युनिटला वीस रुपये मोजलेत, तर किलोमीटर चार रुपयांवर गेला. आता सीएनजी बघा. किलोचा भाव ऐंशीच्या घरात, भरलेली गाडी किलोला अठरा-वीस किलोमीटर देते. म्हणजे तेही चार-साडेचार रुपयेच. मग इलेक्ट्रिकसाठी जादा हप्ता कशासाठी भरायचा?

तेव्हा गाडी रात्री पुलाखाली किंवा रस्त्याच्या कडेला लागत असेल, तर आधी जागेचं बघा. सोसायटीत लावत असाल तर कमिटीची लेखी परवानगी, मंजूर लोड आणि मीटर कुणाच्या नावावर, हे बुकिंगच्या आधी मिटवा. वीज शहरात बेस्टची, उपनगरात बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा पॉवरची, मुलुंड-भांडुपला महावितरणची. दर आणि अर्ज प्रत्येकाचे वेगळे, त्यामुळे ठाण्याच्या मित्राने सांगितलेला दर तुम्हाला लागू होईलच असं नाही.

सीएनजीवाल्यांनीही फार निर्धास्त राहू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेच्या आरसीएफ खत कारखान्याच्या आवारात गॅसची मुख्य पाइपलाइन बिघडली, तेव्हा पंपांवर लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्यात.

चार्जिंग रात्रीत बंद पडतं

सकाळी सहाला गाडी काढायची, आणि बघतो तर ४० टक्क्यांवर अडकलेली. शिवी गाडीला बसते; दोष बहुधा भिंतीत असतो. जुन्या चाळीत आणि गाळ्यात अर्थिंग नावापुरतं असतं, आणि ते नीट नसलं की चार्जर स्वतःच बंद पडतो. साधा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास वीज सलग सहा-सात तास ओढतो. इस्त्री किंवा गीझर इतका वेळ कधीच चालत नाही. एक्स्टेंशन बोर्ड लावलात तर प्लग गरम होणार, सॉकेट वितळणार.

इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या वर खेळत असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. मीटरपासून वेगळी तांब्याची वायर (४ स्क्वेअर एमएम), इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा). यात काटकसर नको.

तीनचाकी घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. महिंद्राच्या ट्रेओ झोरसारख्या ४८ व्होल्टच्या गाडीला मॉलमधल्या कार-चार्जरची गन बसतच नाही. तिला आपला प्लगच हवा.

वजन अंदाजाने भरणे

पहिल्या एस ईव्हीची क्षमता ६०० किलो, २०२४ मध्ये आलेल्या एस ईव्ही १००० ची एक टन, महिंद्रा झिओची ७६५. ६०० किलो म्हणजे सिमेंटच्या बारा गोण्या किंवा वीस लिटरचे अठ्ठावीस जार, बस्स. डिझेलच्या छोट्या हत्तीवर दीडपट माल लादायची सवय असलेल्याला हे पटत नाही. लादला तरी गाडी ओढते, कारण मोटारीला ताकद आहे. मात्र रेंज पडते, टायर आणि ब्रेक लवकर जातात, आणि वॉरंटीचा दावा करायची वेळ आली की ओव्हरलोडचं कलम समोर येतं. पाव, खाकरे, कपडे यांचं गणित निराळं. तिथे वजनाआधी हौदा भरतो, तेव्हा लांबी-उंची मोजा.

टोल आणि सबसिडी धरून चालणे

ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी झाली, ती कार आणि बससाठी. मालवाहू गाड्या त्यात नाहीत. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात तीनचाकी होत्या, साडेतीन टनांवरचे ट्रक आहेत, मधले छोटे चारचाकी टेम्पो नाहीत. सेल्समनने सबसिडी वजा करून किंमत सांगितली, तर ती कोटेशनवर लिहून मागा.

पावसाळा

बॅटरीवर आयपी६७ (पाणी-धूळ आत शिरत नाही याचं मानांकन) लिहिलंय म्हणून दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यात गाडी घालू नका. ती चाचणी एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास, आणि तीही नव्या पॅकवर. पाण्यात अडकलेली गाडी बाहेर काढल्यावर लगेच चार्जिंगला लावायची नाही, सर्व्हिस सेंटरला तपासून मगच. मागची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायचीही नाही. चाकं फिरली की मोटार फिरते आणि वीज तयार होते. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

मोठी बॅटरी फुल, तरी गाडी चालू होत नाही

बऱ्याचदा गुन्हेगार असते ती साधी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली, हौद्यातला दिवा चालू राहिला, की ती बसते. आधी तीच तपासा. आणि मोठी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे अधूनमधून पूर्ण १०० टक्के चार्ज करा. नाहीतर मीटरवरची टक्केवारी भरकटते, आणि पंचवीस दाखवत असताना गाडी घोडबंदरच्या चढावर मान टाकते.

बुकिंगचे पैसे देण्याआधी डीलरकडे एक दिवसाची डेमो गाडी मागा. रिकामी नको, तुमचाच माल भरून, तुमच्याच रूटवर, तुमच्याच ड्रायव्हरच्या हातात. रात्री ती तुमच्याच प्लगला लावा. डीलर नाही म्हणाला तर दुसरा डीलर गाठा.