पूलच्या काठाचा दगड: आधी पायाला विचारा

बंगल्याच्या आवारात पोहायला छोटा स्विमिंग पूल बांधायचा ठरला की सगळा वेळ आतल्या टाइलचा निळा रंग निवडण्यात जातो. काठाला दगड मात्र मिस्त्री सुचवेल तो. आमच्याकडे बेलापूरला हेच झालं. काळा, आरशासारखा पॉलिश केलेला ग्रॅनाइट बसवला आणि पहिल्याच पावसाळ्यात मावशी त्यावरून घसरली. मनगट मोडलं. सगळा काठ उखडून पुन्हा बसवावा लागला, म्हणून हे लिहितेय.

काठाच्या या फरशीला कामगार कोपिंग म्हणतात. साधारण 300 मिलिमीटर रुंद, 30 ते 40 मिलिमीटर जाड, पाण्याच्या बाजूला जराशी पुढे आलेली. पोहणारा तिच्यावरच हात टेकून बाहेर येतो, त्यामुळे पुढची कड गोल घासलेलीच हवी.

नमुने घरी आणा

शीळफाट्याच्या गोदामांत हिंडून तीन-चार दगडांचे फूटभर तुकडे मागा. ज्या फिनिशमध्ये दगड बसवणार, त्याच फिनिशमध्ये घ्या. दुकानातल्या दिव्याखाली निर्णय नको.

तुकडा अंगणात ठेवा, पाणी ओता, वर खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळा (पोहणाऱ्यांच्या अंगाला तेल आणि क्रीम असतंच) आणि कुणाचा तरी हात धरून अनवाणी उभे राहा. पॉलिश केलेला दगड इथेच बाद होतो. फ्लेम (आगीच्या झोताने खरखरीत केलेलं) किंवा लेदर (ब्रशने घासून चामड्यासारखं केलेलं) फिनिश टिकतं. फ्लेम जास्त खरखरीत असतं, लहान मुलांचे गुडघे खरचटतील का, तेही हाताने चाचपून बघा.

मग उन्हाची परीक्षा. दुपारी दोनच्या उन्हात तासभर ठेवून पाय टेकवा. काळा बसॉल्ट किंवा कडप्पा चटका देतो. मुलांचं पोहणं नेमकं मे महिन्याच्या सुट्टीत, तेव्हा फिका रंगच घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

आता लिंबू. दगडावर चार थेंब पिळा, दहा मिनिटांनी पुसा. जागा निस्तेज झाली तर दगड चुनखडीचा. कोटा, शहाबाद, कडप्पा, पिवळा जैसलमेर आणि संगमरवर, सगळे याच कुळातले. पूलच्या पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) 7.2 ते 7.8 मध्ये ठेवावा लागतो आणि तो खाली आणायला बहुधा हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड वापरतात. त्याचे शिंतोडे उडाले की या दगडांवर पांढरट, खरबरीत डाग पडतात. पण तेवढ्यावरून कोटा वर्ज्य ठरत नाही; स्वस्तात चांगलं काम देतो. फक्त अ‍ॅसिड बादलीभर पाण्यात मिसळूनच टाकायचं, काठापासून लांब. लक्षात ठेवा, पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही.

शेवटी स्वयंपाकघरातला वजनकाटा. कोरडा तुकडा मोजा, रात्रंदिवस पाण्यात बुडवून पुसून पुन्हा मोजा. वजन जितकं वाढेल, तितकं पाणी दगड पितो. वालुकाश्म बऱ्यापैकी पितो. पूल मिठावर चालणारा (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन बनवणारा) असेल, तर मुरलेलं मीठ आत साकळून दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे वालुकाश्म नकोच.

आम्ही दुसऱ्या खेपेला फिका राखाडी ग्रॅनाइट, वर फ्लेम, कड गोल, असा घेतला.

बसवताना

दगड कितीही चांगला असो, काम बिघडतं ते कोपिंग आणि बाहेरची फरशी यांच्यामधल्या सांध्यात. पूलची टाकी आणि भोवतीची जमीन वेगवेगळ्या हलतात. आपल्याकडे पावसात भराव फुगतो, उन्हाळ्यात बसतो. हा सांधा सिमेंटने भरला की कोपिंग उचललं जातं किंवा तडकतं. 10 ते 12 मिलिमीटरची फट ठेवा आणि ती लवचिक सीलंटने, पॉलिसल्फाइड किंवा पॉलियुरेथेनने, भरून घ्या. मिस्त्री घाई करेल, पण त्या वेळी तुम्ही समोर उभे राहा. दगडादगडांमधल्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा राळेचा मसाला) भरा.

बाहेरच्या फरशीला पूलपासून लांब, मीटरला सुमारे 2 सेंटिमीटर उतार द्या आणि शेवटी पन्हळ काढा. नाहीतर जुलैच्या पहिल्या झडीत बागेतला चिखल थेट पाण्यात येतो.

पावसाळ्यात दर आठवड्याला नायलॉनच्या ब्रशने शेवाळ घासा. तारेचा ब्रश नको, त्याचे कण अडकून गंजाचे ठिपके उमटतात. आणि दगड घेतानाच त्याच लॉटमधले चार-पाच तुकडे जास्तीचे आणून ठेवा, कारण दोन वर्षांनी एखादा फुटला तर तसाच रंग पुन्हा मिळणं कठीण जातं.