एक्सेलमध्ये सेल खाली ओढताना या चुका टाळा

वरच्या सेलमधलं जसंच्या तसं खाली कॉपी करायचं, काम एवढंच. तरी दर खरिपात अनुदानाच्या नाहीतर विम्याच्या याद्या सुरू झाल्या की माझ्याकडे तीच बिघडलेली फाईल येते, फक्त गावाचं नाव वेगळं. सेलच्या उजव्या कोपऱ्यातला बारीक चौकोन पकडला, सर्रकन खाली ओढला, सेव्ह केलं अन् व्हॉट्सअपवर पाठवून मोकळे. शेवटची ओळ पाहायला कोणाला टाईमच नाही.

गोम इथं आहे की एक्सेलमध्ये एकटा साधा आकडा ओढला तर तो तसाच कॉपी होतो, म्हणून पोरांना वाटतं सगळंच तसं होत असेल. होत नाही. तारीख ओढली की प्रत्येक ओळीला एक दिवस पुढे जाते. मजकुराच्या शेवटी आकडा असला तर तो एकेकानं वाढतो, वॉर्ड १ च्या खाली वॉर्ड २, मग वॉर्ड ३. अनुक्रमांकाला हे लय कामाचं, बाकी ठिकाणी घात.

सगळ्यात जास्त घात होतो आयएफएससी कोडमध्ये. बँकेची शाखा ओळखायचा हा कोड ११ अक्षरांचा, पहिली ४ अक्षरं बँकेची, मग एक शून्य, शेवटचे ६ शाखेचे, आणि ते ६ बहुतेक बँकांत आकडेच असतात. म्हणजे ओढला की वाढणारच. मागे शेजारच्या गावची सोयाबीन अनुदानाची यादी अशीच आली होती. सेवा केंद्रावरच्या एका पोरानं बनवलेली, गावातल्या जवळपास सगळ्यांची खाती एकाच शाखेत, म्हणून त्यानं पहिल्या शेतकऱ्यासमोर कोड बरोबर टाकला आणि बाकीच्यांना ओढून दिला. पहिल्याच्या शेवटी २१४ असेल तर दुसऱ्याच्या २१५, तिसऱ्याच्या २१६, असं पार खालपर्यंत. नावं बरोबर, खाते नंबर बरोबर, आणि शाखा प्रत्येकाची वेगळी! यादी परत आली. बरेच कोड कुठल्याच शाखेचे नव्हते, ते तरी बरं, चूक लगेच पकडल्या जाते. पण काही कोड खऱ्या शाखांचे निघाले, कुठल्या कुठं दुसऱ्या राज्यातल्या, आणि असा कोड पाहून कोणाला शंकाही येत नाही. एक बुवा पासबुक घेऊन आले, पहिल्या पानावर छापलेल्या कोडवर बोट ठेवलं अन् म्हणाले, "आमची बँक बदलली काय बाप्पा?" पोरगा म्हणे, "दादा, म्या तं काई टाईपच नाही केलं, नुसतं खाली ओढलं." अरे तेच तं!

माझी सवय कंट्रोल डी. वरच्या सेलवर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्या सेलवर क्लिक, मग कंट्रोल आणि डी. वरचं आहे तसं खाली उतरतं, तारीख असो की कोड, काहीच वाढत नाही. कॉलम रिकामाच असेल तर पूर्ण पट्टा सिलेक्ट करून एकदा टाईप करायचं आणि एंटरच्या ऐवजी कंट्रोल एंटर मारायचं, सगळ्या सेलमध्ये तेच येतं. मग त्या कॉलमला फिल्टर लावून बाण उघडतो. यादीत एकच कोड दिसला पाहिजे, दोन दिसले तर दुसरा कोणाचा ते मी पासबुकावर पाहतो. हे केल्याशिवाय फाईल पाठवत नाही, मागं रांग कितीही असो.

ओढायचीच हौस असेल तर कंट्रोल दाबून ओढा, तारीख आणि कोड मग वाढत नाहीत. पण इथंही घाई नडते. आधी माऊस सोडायचा, मग कंट्रोल. घाईत बोट आधी उचललं की पुन्हा वाढीव आकडे, आणि पोरं म्हणतात "दादा, कंट्रोल चालत नाही." आणि उलटी गंमत अशी की साधा आकडा कंट्रोल दाबून ओढला तर तो वाढायला लागतो! ओढताना कर्सरजवळ छोट्या डब्यात शेवटच्या सेलमध्ये काय येणार ते दिसत असते, डोळा तिथं ठेवा. ओढून झाल्यावर लक्षात आलं तर खाली जे छोटं बटन येते त्यात 'कॉपी सेल्स' निवडा. चौकोनावर डबल क्लिक करून भरणाऱ्यांनाही हेच लागू, वेळ वाचतो पण आकडे वाढतातच.

कंट्रोल डी शिकलेले पुढची चूक करतात. रिकाम्या कॉलममध्ये कंट्रोल शिफ्ट आणि खालचा बाण दाबला की सिलेक्शन थेट शीटच्या बुडाला, १०,४८,५७६ व्या ओळीला जाते. त्यात कंट्रोल डी मारलं की दोनशे शेतकऱ्यांची फाईल फुगून बसते, अन् जुना कम्प्युटर हँग झाला की शिव्या लाईटवाल्यांना. कंट्रोल झेड मारा, शिफ्ट क्लिकनं नीट सिलेक्ट करा.

पेरणीची तारीख ओढल्यावर तर हसावं का रडावं. पहिल्या ओळीत २० जून, २०० व्या ओळीत ५ जानेवारी. जानेवारीत खरिपाचं सोयाबीन कोण पेरते बे?

सातबाऱ्याचा गट नंबर १२/२ टाकला की एक्सेल त्याची १२ फेब्रुवारी करते, म्हणून टाईप करायच्या आधीच कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट करा. पण टेक्स्ट केलेल्या कॉलममध्ये साधा आकडासुद्धा ओढला की वाढतो, हे कोणी सांगत नाही.

भाव एका सेलमध्ये आणि क्विंटल खाली ओळींत असतील, समजा २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८, तर फॉर्म्युला खाली नेताना भावाचा सेलही खाली सरकतो आणि रक्कम शून्य दिसते. फॉर्म्युला लिहितानाच त्यातल्या भावाच्या सेलच्या नावावर कर्सर ठेवून एफ ४ दाबा, डॉलरचं चिन्ह लागतं आणि तो सेल मग सरकत नाही. लॅपटॉपवर एफएन पण दाबावं लागू शकते.

आणि एक्सेलऐवजी फुकटचं लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे साधा आकडाही ओढला की वाढतो. यवतमाळचा पिनकोड ४४५००१ ओढला की खाली ४४५००२, ४४५००३. तिथं कंट्रोल दाबून ओढा नाहीतर कंट्रोल डी.