व्हॅटिकन म्युझियम बघायला निघालात? मग या चुका टाळा

रोममध्ये राहणाऱ्या माणसाच्या फोनवर एप्रिल लागला की एकाच साच्याचे मेसेज यायला लागतात. 'आम्ही अमुक तारखेला येतोय. सकाळी व्हॅटिकन दोन तासांत उरकेल ना? दुपारी कलोसियम ठेवलंय.' विचारणारा मावसभाऊ असो, शाळेतली मैत्रीण असो, नाहीतर डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कोणाच्या तरी ओळखीचं कोणी असो; प्रश्न तोच आणि नंतर होणारे घोळही तेच. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. 'उरकणे' हेच ज्यांचं ध्येय आहे त्यांनी पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

बॅसिलिका वेगळी, म्युझियम वेगळं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. सेंट पीटर्स बॅसिलिका म्हणजे घुमटवालं मोठं चर्च. त्याच्यापुढे बर्निनीच्या खांबांनी वेढलेला चौक आहे. आत जायला तिकीट लागत नाही, सुरक्षा तपासणीची रांग मात्र असते. व्हॅटिकन म्युझियम हे तिकिटाचं ठिकाण. त्याचं दार चौकात नाहीच. ते उत्तरेच्या बाजूला, तटबंदीच्या कडेने जाणाऱ्या व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे. चौकातून तिथे चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात, शेवटी थोडा चढ आहे, आणि उन्हाळ्यात त्या भिंतीच्या कडेला सावली शोधून सापडत नाही. मायकेलअँजेलोने रंगवलेल्या छताचं सिस्टिन चॅपल या म्युझियममध्ये आहे, बॅसिलिकेत नाही. एवढं कळलं तरी अर्धी लढाई जिंकलात.

मागे एकदा जुलैमध्ये ठाण्याचे एक काका-काकू आले होते, आमच्या नात्यातले. बुकिंग तिकडच्याच एका एजंटाने करून दिलेलं. त्याने सांगितलं, 'दहाला व्हॅटिकनला पोचा.' काका शिस्तीचे. ते नऊलाच पोचले आणि समोर जी रांग दिसली तिला लागले. सव्वादहाला मला फोन. "अगं, रांग काही हलत नाही. तिकीट आहे म्हटलं तरी कोणी पुढे सोडत नाही."

"काका, समोर काय दिसतंय?"

"गोल खांब आहेत. मधे एक उंच दगडी सुळका आहे."

म्हणजे हे चौकातच. फुकट दर्शनाच्या रांगेत तासाभरापेक्षा जास्त वेळ उभे, आणि विकत घेतलेला स्लॉट तटबंदीच्या पलीकडे वाया चाललेला. टॅक्सी मिळेना. काकूंचे गुडघे आधीच बोलायला लागले होते. दोघं भिंतीच्या कडेकडेने चालत दाराशी पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. दारावरच्या माणसाने तिकीट बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि आत सोडलं. ही त्याची मेहेरबानी. ती तुमच्यावर होईलच असं नाही. एवढं करून आत काय बघितलं, तर सिस्टिन चॅपलमधलं बाक. काकू तिथे बसल्या त्या उठेनातच.

मी पाहुण्यांना 'व्हॅटिकन' हा शब्द टाकायलाच मनाई करते. 'बॅसिलिका' म्हणा नाहीतर 'म्युझियम' म्हणा. मेट्रोच्या ए लाइनवर ओत्ताव्हियानो किंवा चिप्रो स्टेशनला उतरा. चिप्रोहून म्युझियमचं दार जवळ आहे आणि वाटेत तिकीट विकणारे कमी भेटतात. फोनच्या नकाशावर नुसतं 'व्हॅटिकन' टाकलंत तर पिन कुठे पडेल ते देव जाणे. म्युझियमचा दरवाजा शोधा आणि तो आदल्या रात्री शोधून ठेवा.

ग्रुप टूरवाल्यांसाठी आणखी एक. 'आमच्या टूरमध्ये व्हॅटिकन आहे' यावर विसंबू नका. कार्यक्रमपत्रिकेत म्युझियम आणि सिस्टिन चॅपल ही नावं लिहिलेली आहेत का, ते पैसे भरायच्या आधी बघा. बऱ्याचदा चौकात उतरवतात, बॅसिलिकेत एक फेरी होते, फोटो होतात आणि बस फ्लोरेन्सच्या रस्त्याला लागते. घरी आल्यावर 'मायकेलअँजेलोचं छत नाही दिसलं कुठे' म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

तिकिटाचं बघू नंतर

नंतर बघायला काही उरत नाही. वर्षाला साठ लाखांहून जास्त माणसं या दारातून आत जातात. म्युझियमच्या अधिकृत साइटवर तिकिटं साधारण साठ दिवस आधी खुली होतात. तिकीट २० युरो, ऑनलाइन बुकिंगचे वर ५. सीझनमध्ये चांगल्या वेळा भराभर संपतात. मग लोक दुसऱ्याच कुठल्या साइटवर जाऊन दुप्पट पैसे देतात आणि 'स्किप द लाइन' मिळाल्याच्या आनंदात राहतात. बाबांनो, अधिकृत ऑनलाइन तिकिटानेही तिकीटखिडकीची रांग टळतेच. सुरक्षा तपासणीची रांग कोणत्याच तिकिटाने टळत नाही. ओत्ताव्हियानोच्या बाहेर गळ्यात ओळखपत्र घालून 'आज तिकीट नाही, माझ्याकडे आहे' सांगणाऱ्यांशी तर नजरही मिळवू नका.

व्हिसा हातात आल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, हा आपल्याकडचा विचार मला समजतो. पण शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधी करता येतो. तो महिनाभर आधी करायचा आणि मग सगळी घाई माझ्या डोक्यावर टाकायची, हे समजत नाही.

दिवस आणि वेळ

म्युझियम सोमवार ते शनिवार सकाळी ८ ते रात्री ८ उघडं असतं, शेवटचा प्रवेश संध्याकाळी ६ ला. रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट प्रवेश असतो, दुपारी साडेबारापर्यंत. तो फुकट रविवार कृपा करून टाळा. वीस युरो वाचवून माणसांच्या पाठी बघायच्या असतील तर दादर स्टेशन जवळ आहे.

सोमवारी रोममधली बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात, त्यामुळे तो सगळा लोंढा इकडे वळतो. बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात. त्या वेळी बॅसिलिकेत जाता येत नाही. सुट्ट्या चर्चच्या पंचांगाप्रमाणे असतात. २९ जून हा संत पीटर आणि पॉल यांचा सण, रोमचा मोठा दिवस, म्युझियम बंद. १५ ऑगस्टही बंद. अधूनमधून असंही होतं जे कोणाच्याच प्लॅनमध्ये नसतं. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस गेल्यावर एप्रिलच्या शेवटी सिस्टिन चॅपल बंद झालं, कारण नवा पोप तिथेच निवडतात. त्या आठवड्यात आलेल्यांनी बाकीचं म्युझियम बघितलं आणि छताचं पोस्टकार्ड घेतलं. म्हणून निघायच्या आधी अधिकृत साइटवरच्या सूचना वाचा.

सगळे सांगतात, सकाळी पहिला स्लॉट घ्या. मी नाही घेत. पहिल्या स्लॉटला प्रत्येक टूर कंपनी हजर असते. मी मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी साडेतीन-चारची वेळ घेते. तोवर ग्रुप बाहेर पडायला लागलेले असतात, आणि शेवटच्या तासाभरात चॅपलमध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. कलोसियम दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही करणाऱ्याला संध्याकाळी विचारा, लाओकूनचा पुतळा कुठे बघितला? सांगता येत नाही.

बाणामागे धावणे

आत शिरल्यापासून भिंतीभिंतीवर 'कापेला सिस्टिना' आणि बाण. माणसं त्या बाणामागे मेंढरांसारखी सुटतात. वाटेत दोन हजार वर्षांचं काय काय आहे, ते सगळं त्यांना 'पॅसेज' वाटतं. माझा राग चॅपलवर नाही, या धावण्यावर आहे.

माझी सवय सांगते. आत आल्यावर लोंढा एकीकडे जातो, मी आधी पिनाकोतेकामध्ये, म्हणजे चित्रदालनात, जाते. १९३२ सालची वेगळी इमारत आहे. बाणाच्या वाटेवर नाही म्हणून बहुतेकांना ती असते हेही माहीत नसतं. तिथे राफाएलचं शेवटचं चित्र आहे, 'ट्रान्सफिगरेशन'. वर तेजात तरंगणारा ख्रिस्त आणि खाली झटका आलेल्या मुलाभोवती गोंधळलेली माणसं. १५२० मध्ये राफाएल सदतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा हे चित्र त्याच्या उशाशी ठेवलं होतं असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय. पुढच्या खोलीत लिओनार्दोचा अर्धवट राहिलेला सेंट जेरोम. आणखी पुढे काराव्हाज्जोने रंगवलेलं ख्रिस्ताचं दफन. त्यातल्या दगडी लादीचा कोपरा चौकटीतून आपल्या अंगावर येतो. या चित्रांसमोर तुम्ही एकटे उभे राहू शकता, भर सीझनमध्येसुद्धा.

मग मूर्ती. १५०६ मध्ये एस्क्विलिन टेकडीवरच्या द्राक्षमळ्यात लाओकून सापडला. पोप दुसऱ्या जूलियसने तो विकत घेऊन अंगणात मांडला, आणि म्युझियम आपला जन्म तिथून मोजतं. सापांनी वेढलेला बाप आणि दोन मुलगे. बापाचा उजवा हात सापडला नव्हता, म्हणून लोकांनी आकाशाकडे ताणलेला हात करून जोडला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरा हात सापडला, तो मागे दुमडलेला निघाला! आज तोच बसवलेला आहे.

नकाशांचं दालन १२० मीटर लांब आहे. सगळे मान वर करून सोनेरी छताचे फोटो काढतात. भिंती बघा. १५८० च्या सुमारास इन्यात्सिओ दांती याच्या देखरेखीखाली इटलीचे चाळीस नकाशे तिथे रंगवले गेले. मधून चालताना आपण जणू आपेनाइन डोंगराच्या कण्यावरून चालतो, एका हाताला एक किनारा, दुसऱ्या हाताला दुसरा. राफाएलच्या खोल्यांकडे वळायच्या जागी 'थेट सिस्टिन' असा जवळचा रस्ता लागतो. तो घेऊ नका. घेतलात तर राफाएलचं 'स्कूल ऑफ अथेन्स' हे भित्तिचित्र गेलं, आणि उलट्या दिशेने परत फिरायला गर्दी आणि पहारेकरी दोघंही देत नाहीत.

चॅपलमध्ये गेल्यावर 'आता काय?'

आत बोलायला बंदी आहे, फोटोला बंदी आहे. गाइड आत समजावत नाहीत; बाहेरच्या अंगणात मोठे फलक लावलेत, तिथेच सगळं सांगून घेतात. त्यामुळे वाचून न येणारा माणूस आत पाच मिनिटं मान वर करतो, 'ते बोटाला बोट लागणारं' शोधतो, सापडलं की बायकोला कोपर मारतो आणि निघतो. ती देवाची आणि आदमची बोटं लागतही नाहीत, मधे फट आहे.

एवढं लक्षात ठेवून या. छत १५०८ ते १५१२ मधलं. मधल्या नऊ चौकटी वेदीपासून मोजा: पहिली अंधारातून उजेड वेगळा करण्याची, चौथी आदमची, शेवटची नोहाची. रंगवलं मात्र उलट्या टोकाकडून. नोहाच्या महापुराच्या चौकटीत माणसं बारीक आणि खच्चून भरलेली आहेत. वेदीकडे येता येता मायकेलअँजेलोने ती मोठी आणि मोजकी केली. खालून वीस मीटरवर काय दिसतं हे त्याला काम करता करता कळत गेलं. हा बदल नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी कलेची पदवी लागत नाही.

शिरलात की मागे वळा. बहुतेकदा वेदीच्या बाजूच्या दारातून आत घेतात, त्यामुळे 'लास्ट जजमेंट' तुमच्या पाठीशी असतं. ते छतानंतर पंचवीसएक वर्षांनी, १५३६ ते १५४१ मध्ये काढलेलं. ख्रिस्ताच्या पायाखाली संत बार्थोलोम्यू स्वतःची सोललेली कातडी धरून बसलाय. त्या कातडीवरचा चेहरा मायकेलअँजेलोचा मानतात. काही आकृत्यांच्या कमरेला फडकी दिसतील. ती पुढे दानिएले दा वोल्तेर्राने झाकपाक म्हणून रंगवली, आणि त्या बिचाऱ्याला कायमचं 'चड्डीवाला' हे नाव पडलं.

मान दुखली की बाजूच्या भिंती बघा. बोत्तिचेल्ली, पेरुजिनो, गिरलांदायो यांनी १४८१-८२ मध्ये एकीकडे मोझेसचं आणि एकीकडे ख्रिस्ताचं आयुष्य रंगवलंय. दुसऱ्या कुठल्या शहरात असत्या तर या भिंतींसाठी वेगळं तिकीट लावलं असतं. कडेची बाकं रिकामी झाली की बसा, लाजू नका.

चोरून फोटो काढणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही. पहारेकरी त्यांच्याशी बोलतात, आणि सगळ्यांसमोर बोलतात.

बाकीचं पटापट

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांचेही. बायकांनी ओढणी जवळ ठेवा. पुरुषांची बर्म्युडा घेऊन वाद घालू नका.

मायकेलअँजेलोची 'पिएता', म्हणजे मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मेरी, म्युझियममध्ये शोधू नका. मूळ मूर्ती बॅसिलिकेत आहे, शिरल्याबरोबर उजवीकडे, काचेमागे. १९७२ मध्ये एकाने तिच्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून काच आहे.

बाहेर पडताना लागणाऱ्या गोल जिन्याला सगळे जुन्या काळच्या वास्तुकार ब्रामान्तेचा म्हणतात. तो १९३२ चा, ज्युसेप्पे मोमोचा. फोटो काढा, नाव नीट लिहा.

चॅपलमधून थेट बॅसिलिकेत उतरणारं एक दार आहे. ते गाइडबरोबरच्या ग्रुपसाठी असतं, कधी उघडं, कधी बंद. यूट्यूबवर बघून त्यातून घुसायचे बेत आखणारे मला दर वर्षी भेटतात. घुसलात तरी क्लोकरूममध्ये ठेवलेली सॅक म्युझियमच्या दाराशीच राहते, आणि ती घ्यायला त्या भिंतीच्या कडेने पुन्हा चालत यावं लागतं. सॅक नेऊच नका. मोठ्या बॅगा आणि लांब छत्र्या आत सोडत नाहीत.

आजी-आजोबांना पोस्टकार्ड पाठवायचं असेल तर व्हॅटिकनचं पोस्टाचं तिकीट लावून व्हॅटिकनच्याच पेटीत टाका. इटलीच्या लाल पेटीत ते तिकीट चालत नाही.