यात्रेचा मोठा टोप घेताना काय काय तपासावं

आमच्या तासगाव भागात यात्रा असो, जावळ असो की वास्तुशांत, शंभर पान सहज होतं. दरवेळी भाड्याचं भांडं आणण्यापेक्षा भावकीत एक स्टीलचा टोप असावा म्हणून आम्ही सांगलीहून एक आणला होता. चकचकीत, हलका आणि स्वस्त. दुसऱ्याच वर्षी त्याच्या बुडाला पोक आला आणि टोप शेगडीवर डुगडुगायला लागला. तीस लिटर उकळता रस्सा असा हलताना पाहिला की पोटात गोळा येतो. आता दुकानात जाताना मी टेप आणि लोहचुंबक बरोबर नेतो आणि वजनकाटा मागून घेतो.

आधी माप ठरवा. रस्सा माणशी पाव लिटर धरला तर शंभर माणसांना पंचवीस लिटर लागतो. उकळी वर येते, ढवळायलाही जागा हवी, म्हणून टोपाचा चौथा हिस्सा मोकळा राहिला पाहिजे. म्हणजे ३४ लिटरच्या आसपासचा टोप बघायचा. ३६ सेंटीमीटर रुंद आणि तेवढाच उंच टोप काठोकाठ भरला तर साधारण ३६ लिटर धरतो. दुकानात सांगतात ते लिटर काठोकाठचेच असतात, हे लक्षात ठेवा.

मग टोप काट्यावर ठेवा. माझ्या मते सगळ्यात खरी परीक्षा हीच. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७. काठ दुमडलेला असल्यानं हाताला पातळ पत्राही जाड लागतो, पण काट्यावर ते लपत नाही. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर स्टीलचा पत्रा जवळजवळ आठ किलो भरतो. वरच्या मापाच्या टोपाला बूड आणि भिंत मिळून अर्धा चौरस मीटर पत्रा लागतो. म्हणजे एक मिलिमीटर पत्र्याचा टोप कान आणि झाकण सोडून चार किलोच्या आसपास, १८ गेजचा पावणेपाचच्या वर आणि २२ गेजचा तीनच्या आत भरायला हवा. सांगताना अठरा गेज आणि काट्यावर तीन किलो, असं झालं तर तो टोप तिथंच ठेवा.

आता टोप पालथा करा. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, ॲल्युमिनियमच्या जवळपास पंधराव्या हिश्शानं. त्यामुळे बर्नरच्या वर जिथं जाळ लागतो तिथंच बूड तापतं आणि दाट जिन्नस करपतो. पातळ रस्सा पाण्यामुळे आपोआप फिरतो, त्याला साधं जाड बूड चालतं. गव्हाची खीर, पिठलं, दाट आमटी करणार असाल तर मात्र सँडविच बुडाचाच घ्या. त्यात दोन स्टीलच्या मध्ये ॲल्युमिनियमची चकती असते. ती कडेला निदान पाच मिलिमीटर जाड दिसावी आणि बुडाच्या कडेपर्यंत पोचलेली असावी. या चकतीचं वजन वरच्या हिशेबात धरलेलं नाही. बुडावर सरळ पट्टी आडवी धरा. मध्ये किंचित खोलगट असेल तर चालेल, बाहेर फुगीर असेल तर नको.

कानांकडे नीट बघा. भरलेला टोप तीस-पस्तीस किलो होतो आणि तो सगळा भार दोन कानांवर येतो. रिव्हेट असतील तर घट्ट आणि फट न राहता बसलेले हवेत. वेल्डिंग असेल तर नुसत्या दोन-चार ठिपक्यांवर कान टेकवलेला नसावा. फडकं धरून चारही बोटं कानात आरामात गेली पाहिजेत.

लोहचुंबकाबद्दल मोठा गैरसमज आहे. चिकटलं नाही म्हणजे ३०४, म्हणजे स्टीलचा चांगला आणि महाग ग्रेड, असं नाही. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ या स्वस्त ग्रेडमध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, तरी चुंबक त्यालाही चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ चा पत्रा जिथं वळवलेला असतो तिथं ते थोडंसं ओढलं जातं, आणि इंडक्शनच्या बुडाला तर मुद्दाम चिकटणारा पत्रा लावतात. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्या आणि आयएसआय खूण बघा. स्टीलच्या भांड्यांचं मानक आयएस १४७५६ आहे.

किंमत किलोवर काढून दोन-तीन दुकानांत ताडून पाहा. ३०४ महाग पडणारच. रोज आंबट-खारट शिजणार असेल तर तो पैसा वसूल होतो. वर्षातून दोनदा वापरणार असाल तर जाड पत्र्याचा २०२ घ्यायलाही हरकत नाही.

टोप घरी आला की मीठ थंड पाण्यात टाकू नका. ते तळाशी बसतं आणि तिथं स्टीलला बारीक खड्डे पडतात, मग ते घासून जात नाहीत. उकळी फुटल्यावर मीठ घालून लगेच ढवळा, आणि उरलेला रस्सा रात्रभर टोपात ठेवू नका.