एका लिटरची पुडी

मीठ-साखरेचं पाणी सगळ्यांनाच माहीत आहे, पण पहाटे भरतीच्या पोरांसोबत धावायला किंवा तेंदूपत्ता तोडायला निघताना माप घेतं कोण? चिमूट प्रत्येकाची वेगळी, आणि मीठ हमखास जास्त पडतं. म्हणून मी रविवारीच आठवड्याच्या पुड्या बांधून ठेवतो.

१. चमचा ५ मिलीचाच हवा. पोह्यांचा नको. शंका असेल तर खोकल्याच्या औषधाच्या टोपणावरची खूण बघा.

२. ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सपाट म्हणजे वरून बोट फिरवलेला.

३. एक पुडी, एक लिटर स्वच्छ पाणी. पुडी अर्धी करू नका. मीठ तळाशी गोळा होतं आणि एका वाट्याला नुसती साखर जाते.

४. बाटलीवर जुना सुती मोजा ओला करून चढवा, कडुनिंबाच्या सावलीत वाऱ्याला टांगा. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत पाणी छान गार राहतं.

आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. उरलेलं दुसऱ्या दिवशी नको. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ऊन लागून कोणी बरळत असेल किंवा शुद्धीत नसेल, तर तोंडात काही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, १०८ लावा.