पुनरुत्थानाबद्दल शंका येतेय? मग हे करून बघा

ईस्टरच्या पहाटे अख्खी मंडळी ‘ख्रिस्त उठला आहे, खरोखर उठला आहे’ म्हणते, तुम्हीही म्हणता, पण आतून आवाज येतो की मेलेला माणूस खरंच उठतो का हो? आणि मग अपराध्यासारखं वाटतं, कोणाला बोलावं तर भीती वाटते की आईबाबांपर्यंत जाईल, पाळकसाहेबांपर्यंत जाईल. यूथ ग्रुपमध्ये अशा मुलामुलींशी माझं खूप बोलणं होतं, आणि प्रत्येक वेळी जे सांगते ते इथे एकदा नीट लिहून ठेवतेय.

सगळ्यात आधी बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडा, अध्याय 28, वचन 17. उठलेला येशू गालीलातल्या डोंगरावर समोर उभा आहे, अकरा शिष्य त्याला नमन करतायत, आणि तिथेच लिहिलंय की काहींना शंका आली. समोर बघूनसुद्धा! मत्तयाला ती ओळ सहज गाळता आली असती पण त्याने ठेवली, आणि दोनच वचनांनंतर येशू ‘जा, सर्व राष्ट्रांना शिष्य करा’ असं सांगतो ते सगळ्या अकरांना सांगतो, शंका आलेल्यांना बाजूला काढून नाही. लूकमध्ये बायका कबरेवरून धावत येऊन सांगतात तर प्रेषितांना ती बडबड वाटते. मार्कच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत तर शुभवर्तमान 16:8 लाच थांबतं, बायका घाबरून पळाल्या आणि कोणाला काही बोलल्या नाहीत, बस. म्हणजे शंका आणि भीती या गोष्टीत पहिल्या दिवसापासून आहेत, तुम्ही त्या बाहेरून आणलेल्या नाहीत.

आता एक वही घ्या आणि तुमची शंका एका वाक्यात लिहा. ‘माझा विश्वास डळमळतोय’ असं नका लिहू, त्याने काहीच हाताला लागत नाही. नेमकं लिहा. ‘चार शुभवर्तमानांत कबरेची गोष्ट वेगवेगळी का आहे’ ही एक शंका आहे. ‘आजी गेली, इतकी प्रार्थना केली तरी गेली, आता ती परत भेटेल हे मला खोटं वाटतं’ ही पूर्ण वेगळी. ‘चर्चमधली माणसं असं वागतात तर त्यांचं बाकीचं तरी खरं कशावरून’ ही तिसरीच. तिन्हींचं औषध एक नाही. दुःखातून आलेल्या शंकेला इतिहासाचे पुरावे दिले तर माणूस आणखी एकटा पडतो, आणि ज्याला खरोखर पुराव्याचा प्रश्न पडलाय त्याला ‘जास्त प्रार्थना कर’ म्हटलं तर त्याला वाटतं की यांच्याकडे उत्तरच नाही.

पुराव्याची शंका असेल तर माझं स्पष्ट मत आहे की शुभवर्तमानांच्या आधी 1 करिंथ 15 वाचायचं. पौलाने हे पत्र साधारण इ.स. 53 ते 55 च्या सुमारास इफिसातून लिहिलं, म्हणजे वधस्तंभानंतर वीस-पंचवीस वर्षांत, आणि चारही शुभवर्तमानं बहुतेक अभ्यासकांच्या मते यानंतरची आहेत. वचन 3 पासून तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा जणांना, मग पाचशेहून जास्त बंधूंना एकदम, आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोबाला, शेवटी मला. ‘अजून हयात आहेत’ याचा अर्थ सरळ आहे, जाऊन विचारा. आणि त्याला हे मिळालं कधी? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की तो यरुशलेमला जाऊन केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला, आणि ती भेट घटनेनंतर फार तर काही वर्षांतली आहे. शे-दोनशे वर्षांत हळूहळू वाढलेली दंतकथा म्हणणं त्यामुळे अवघड जातं.

याकोबाजवळ जरा थांबा. योहान 7:5 मध्ये लिहिलंय की येशूच्या भावांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. स्वतःच्या सख्ख्या भावाला देवाचा मसीहा मानणं किती कठीण असेल विचार करा, आपल्या घरात कोणी मानेल का? तोच याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा प्रमुख होतो आणि इ.स. 62 च्या सुमारास त्याला दगडमार करून मारतात, हे जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने लिहून ठेवलंय, तो काही ख्रिस्ती नव्हता. मध्ये काय झालं? पौल म्हणतो, ‘याकोबाला दिसला.’ पौल स्वतः तर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा होता, त्याला येशूची आठवण येऊन रडू येत नव्हतं, त्यामुळे दुःखात असताना मेलेलं माणूस डोळ्यासमोर दिसतं तसा भास झाला असेल हे म्हणणं पेत्राबद्दल एकवेळ विचार करण्यासारखं आहे पण पौलाला लागू होत नाही.

मग चारही शुभवर्तमानांतली शेवटची प्रकरणं एकाच बैठकीत वाचा आणि वहीत चार रकाने करून लिहा की कबरेवर कोण गेलं, तिथे कोण दिसलं, येशू कुठे भेटला. फरक लपवू नका. मार्कात एक तरुण आहे, लूकमध्ये दोन पुरुष, मत्तय गालीलावर भर देतो आणि लूक यरुशलेमवर. हे फरक खरे आहेत आणि ओढूनताणून जुळवत बसण्यापेक्षा मला ते तसेच असू द्यावेसे वाटतात. पण चारही रकान्यांत एक नाव येईल, मग्दालीया मरीया. त्या काळात बाईच्या साक्षीला फार कमी किंमत होती, दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने याच गोष्टीवरून ख्रिस्ती लोकांची टर उडवली होती. गोष्ट रचायचीच असती तर पहिली साक्षीदार म्हणून पेत्राला उभं केलं असतं.

एवढं केल्यावर काय होईल? गणिताच्या सिद्धतेसारखं उत्तर मिळणार नाही. इतिहास तुम्हाला इथपर्यंत आणतो की काहीतरी असं घडलं ज्याने घाबरून दार लावून बसलेली माणसं बाहेर पडली, आणि जे घडलं त्याला ते पुनरुत्थान म्हणाले, जे ज्यू लोक शेवटच्या दिवशी सगळ्यांचं होईल म्हणून वाट बघत होते, मधेच एकट्या माणसाचं कोणी अपेक्षिलंच नव्हतं. देव असं करू शकतो का हे तुम्हाला ठरवावं लागेल. माझा विश्वास आहे की त्याने केलं.

दुःखाची शंका असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि योहान 11 वाचा. मार्था म्हणते, प्रभू तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. तक्रारच आहे ती. येशू तिला रागवत नाही, आणि तिच्या भावाला, लाजराला उठवणार हे माहीत असूनही कबरेकडे निघताना रडतो. त्यामुळे आजीसाठी रडणं म्हणजे पुनरुत्थान नाकारणं आहे असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रार्थना सुचत नसेल तर मार्क 9:24 पुरे, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका’, ही एका बापाने मुलासाठी केलेली विनवणी आहे आणि येशूने त्याच्या मुलाला बरं केलं. तिसऱ्या प्रकारच्या, म्हणजे माणसांनी दुखावल्यामुळे आलेल्या शंकेत आधी दुखावणाऱ्यांपासून सुरक्षित व्हा, गरज असेल तर मंडळी बदला, सिद्धांताचं नंतर बघू.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथेच बहुतेकजण चुकतात. शंका आली की लोक गुपचूप यायचे बंद होतात. येशूचा शिष्य थोमा याचं बघा, योहान 20. आपण त्याला ‘संशयी थोमा’ म्हणून टाकतो पण योहान 11:16 मध्ये ‘आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ’ म्हणणारा हाच. उठलेला येशू शिष्यांना भेटला त्या पहिल्या संध्याकाळी तो तिथे नव्हता, बाकीच्यांनी सांगितलं आणि त्याने तोंडावर सांगितलं की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. तरी आठ दिवसांनी तो त्याच घरात त्यांच्याचबरोबर होता, कोणी त्याला हाकललं नाही आणि तोही गेला नाही. येशू तिथे आला तेव्हा थोमाचेच शब्द घेऊन बोलला, बोट इकडे कर, हात पुढे कर. आणि ‘माझा प्रभू व माझा देव’ हे वाक्य योहानाच्या शुभवर्तमानात त्याच्याच तोंडी आहे.

तेव्हा रविवारी जात राहा. क्वायरमध्ये असाल तर गा, खुर्च्या लावत असाल तर लावा. संडे स्कूलमध्ये पुनरुत्थानाचा धडा शिकवायचा असेल आणि मन तयार नसेल तर तेवढा एक धडा दुसऱ्या ताईला द्या, मुलांसमोर न पटलेलं बोलायची गरज नाही. एका माणसाला सांगा, फक्त एका, जो ऐकून घेतो आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनासभेत तुमचं नाव घेऊन विनंती मांडत नाही. त्याला सुरुवातीलाच सांगा की मला उत्तर नकोय, आधी पूर्ण ऐका.

घाईही करू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, त्यानंतरही कितीतरी शिकवणींवर त्यांनी तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून कडाडून वाद घातला, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की आधी मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर मिळाला. त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषा शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं.

आणि जर शंका तुमची नसून तुमच्या मुलीची किंवा मित्राची असेल तर यहूदाच्या पत्रातलं 22 वं वचन वाचून मगच बोलायला बसा, संशयात असलेल्यांवर दया करा असं तिथे सांगितलंय. चहा ठेवा, फोन बाजूला ठेवा, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर दोघं मिळून 1 करिंथ 15 उघडा.